पाझर जुना असला तरी तो मोजलेला नाही

सप्रेम नमस्कार.

आपल्या गावच्या मातीच्या धरणाच्या गळतीविषयी आणि इतर धोक्यांविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आक्षेप घेतले आहेत. पायथ्याचे पाणी धरण बांधले तेव्हापासून येते आहे, जुलै 2021 चा पाऊसही धरणाने पचवला, तेव्हा पाटबंधाऱ्याच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाने लोकांची झोप उडवू नये, असे आपले म्हणणे. आपली शेती धरणाच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून या विषयावर बोलण्याचा आपला अधिकार माझ्यापेक्षा मोठा आहे, हे मान्य करूनच उत्तर देतो.

पहिल्या मुद्द्यात आपण बरोबर आहात. मातीचे धरण पाझरतेच. अजिबात न पाझरणारे धरण मी नोकरीत पाहिले नाही. आतला चिकण मातीचा गाभा पाण्याचा जोर मोडतो, आणि त्यातूनही जे झिरपते ते वाळू-खडीच्या गाळणीतून पायथ्याच्या दगडांशी निवळ होऊन बाहेर पडावे, अशी रचना असते. त्या पाण्याला मी शीर्षकात सरसकट ‘गळती’ म्हटले, ही माझी चूक होती आणि शीर्षक मी दुरुस्त केले आहे. मात्र पाणी जुने आहे एवढ्यावरून ते निर्धोक ठरत नाही. ते वाढले आहे का, हे सांगायला मागचा आकडा लागतो आणि तो गावात कोणाकडेही नाही. गेल्या ऑक्टोबरात, चार दिवस पाऊस नसताना, मी पायथ्याच्या चरात पन्हळ लावून दहा लिटरची बादली भरली. तिला 38 सेकंद लागले. तेच पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवले, तर सकाळी तळाशी गाळाचा कणही दिसला नाही. ही गोष्ट आपल्या बाजूची होती आणि ती मी लेखात लिहायला हवी होती. तलावाची पातळी तेवढीच असताना पुढच्या ऑक्टोबरात हीच बादली 20 सेकंदांत भरली, किंवा बाटलीत लाल गाळ बसला, तर मात्र आपण दोघांनीही झोप उडवून घ्यावी.

खेकड्यांविषयी आपण लिहिता की भातखाचराची मेर, म्हणजे बांध, कुर्ल्या फोडतात हे कोकणात पोरालाही ठाऊक आहे, मग धरण का फुटणार नाही? मेर दोन वितींची असते. पंधरा मीटर उंचीच्या मातीच्या धरणाचा माथा चार मीटर धरला आणि उतार नेहमीचे धरले, तर तळाची रुंदी सत्तर मीटरांच्या आसपास जाते. माथ्याजवळच्या अरुंद भागात बिळे त्रासदायक ठरतात आणि ती बुजवलीच पाहिजेत, पण तळाशी आरपार बीळ पाडणारा खेकडा अजून जन्मायचा आहे. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले, वीसहून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले. त्याच धरणाला गळती असल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या, हे त्या गदारोळात मागे पडले. धरण आतून पोखरले जाते ते बहुधा पाण्यानेच: वाट सापडलेले पाणी बारीक कण घेऊन निघते आणि पोकळी खालच्या बाजूने तलावाकडे सरकत जाते. विमोचकाच्या, म्हणजे तलावाचे पाणी खाली सोडण्याच्या, नळाभोवती ही वाट लवकर सापडते, कारण तिथे रोलर पोहोचत नाही आणि माती हातानेच ठोकलेली असते.

सर्वांत जास्त राग आपल्याला सांडव्यावरच्या, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी जाण्याच्या वाटेवर पाणी अडवायला रचलेल्या, गोण्यांविषयी आला, आणि माझे खरे म्हणणेही तिथेच आहे. अर्धा मीटर पाणी वाढल्यामुळे आपली उन्हाळी भाजी एप्रिलपर्यंत टिकली, हे मी नाकारत नाही. ऑक्टोबरात लावून मेअखेर काढलेल्या गोण्यांना माझा फारसा विरोधही नाही. परंतु जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा त्या जागच्या जागी होत्या आणि त्यांवर गवत उगवले होते. सांडव्यावरून वाहणारा विसर्ग पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने बदलतो, म्हणजे दीड मीटर उंचीच्या लोंढ्यासाठी ठेवलेल्या वाटेतले अर्धा मीटर अडवले, तर विसर्ग तिसऱ्या हिश्शाने नव्हे, जवळजवळ निम्म्याने घटतो. उरलेले पाणी तलावात चढते. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेले तर ती बहुधा सोसते. मातीच्या माथ्यावरून गेले तर उतारच कापत सुटते. पुरात गोण्या आपोआप वाहून जातील, असे आपण लिहिले आहे. जातीलही, पण कधी जातील हे आपण ठरवणार नाही. जुलै 2021 मध्ये सांडवा मोकळा होता, हे आपल्याच प्रतिक्रियेत आहे. म्हणून त्या पावसाचा दाखला इथे लागू पडत नाही.

भरावावरची झाडे माती धरून ठेवतात या म्हणण्याबद्दल थोडक्यात: त्याला गवत पुरे. निसर्ग वादळात काजू मुळासकट उपटून पडलेले आपण पाहिले असतील. भरावावर तसे झाले तर त्या जागी खड्डाच उरतो. शिवाय झाडोऱ्याखाली ओल दिसत नाही.

धरण सुरक्षा कायदा 2021 सालचा आहे, तेव्हा सरकार बघेल, असेही आपण म्हणता. तो कायदा मुख्यतः पंधरा मीटरांवरच्या धरणांसाठी आहे. दहा ते पंधरा मीटरांतली धरणे काही अटी पुऱ्या झाल्या तरच त्यात येतात. आपले धरण बारा मीटरांचे आहे आणि त्या अटींत ते बसत नाही.

एका प्रश्नाला मात्र आपण उत्तर दिलेले नाही. पाणी धोक्याच्या वर चढले तर तलाव उतरवायचा तो विमोचकाच्या गेटनेच, आणि त्याचे चाक मी दोन्ही हातांनी जोर लावूनही हलले नाही. आपले घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. या आठवड्यात जाऊन ते फिरते का पाहावे आणि इथेच कळवावे, ही विनंती.