राळ्यानं डायबेटिस ‘मुळापासून’ जात नाही

सासूबाईंच्या औषधांच्या डब्यात मेटफॉर्मिनची, म्हणजे त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी सापडली. दहातली एकच गोळी फोडलेली. “अहो आई, नऊ दिवस गोळी घेतली नाहीत?” त्यांनी उत्तर न देता फोन पुढे केला. “हे वाच. राळा खायला लागलं की गोळी लागत नाही.” लगेच बोटाला सुई टोचून घरच्या मशीनवर बघितलं. उपाशीपोटी साखर २३८. एरवी १३०च्या आसपास असते.

तो मेसेज गेले कित्येक महिने फिरतोय आणि मी तो न वाचता पुसून टाकत होते, याचं आता वाईट वाटतं. त्यात म्हटलंय ते असं: राळ्यानं, म्हणजे त्या बारीक दाण्याच्या भरडधान्यानं, सहा आठवड्यांत मधुमेह मुळापासून जातो, म्हणून गोळ्या पहिल्याच दिवशी बंद करा. राळ्यानं साखर वाढतच नाही, पोटभर खा. आयुर्वेदात तो वात, पित्त, कफ तिन्ही शमवणारा सांगितलाय. अतिघाम, दाह, ताप, रक्तस्राव थांबवतो, हाडं जोडतो. दुधापेक्षा त्यात कॅल्शियम जास्त. आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याला औषध म्हणून मान्यता दिलीय.

गोळ्या बंद करण्याचं आधी घेते, कारण घरात नुकसान त्यानंच झालं. रात्री आपण काही खात नसतो तेव्हाही यकृत रक्तात साखर सोडत असतं. मधुमेहात ते गरजेपेक्षा जास्त सोडतं आणि मेटफॉर्मिन मुख्यतः तिथंच लगाम घालते. ताटात भाताऐवजी राळा आला म्हणून यकृताचं ते काम थांबत नाही. सासूबाईंची सकाळची साखर चढली ती त्यामुळे. त्यांचं किमान गोळीवर तरी निभावतं. पण टाइप १चा, म्हणजे ज्याच्या शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही असा एखादा मुलगा हे वाचून इन्सुलिन थांबवेल तर एकदोन दिवसांत कीटोअ‍ॅसिडोसिस होऊन, म्हणजे रक्तात आम्ल साचून जिवावर बेतेल. “पहिल्याच दिवशी बंद करा” हे लिहिणाऱ्यानं समोरच्याचा मधुमेह कुठला, किती जुना, मूत्रपिंडं कशी आहेत, यातलं काहीच विचारलेलं नाही. खाणं बदलून, वजन उतरवून काहींच्या गोळ्या कमी होतात, काहींच्या बंदही होतात. पण ते साखर मोजत, डॉक्टरांना विचारत, हळूहळू.

“साखर वाढतच नाही” हेही खोटं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात १०० ग्रॅम राळ्यात जवळपास ६१ ग्रॅम कर्बोदकं दिलीत, तांदळात ७८. फरक आहे, पण ६१ म्हणजे शून्य नव्हे. सासूबाई एरवी वाटीभर भात खायच्या, त्या राळ्याचा भात ताटभर घेऊ लागल्या होत्या. शिवाय राळा पॉलिश केलेला असेल, किंवा पीठ करून त्याची पातळ पेज केली असेल, तर साखर आणखी लवकर चढते.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी, राग कितीही आला तरी. भरडधान्यांनी साखरेत फरक पडतो. इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संशोधकांनी २०२१ साली ११ देशांतले अभ्यास एकत्र करून तपासले. भरडधान्यं नियमित खाणाऱ्या मधुमेहींची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर सरासरी १२ ते १५ टक्क्यांनी उतरलेली दिसली. चांगलीच गोष्ट आहे. पण २३८तून १५ टक्के वजा करा. उरतात २०२.

आता आयुर्वेद. “ग्रंथात आहे” म्हटलं की सासूबाई पुढचं ऐकत नाहीत, म्हणून मी ग्रंथच उघडला. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या धान्यवर्गात, म्हणजे धान्यांच्या प्रकरणात, राळा ‘कंगु’ आणि ‘प्रियंगु’ या नावांनी येतो. काळा, तांबडा, पांढरा, पिवळा असे चार प्रकार, त्यात पिवळा श्रेष्ठ. गुण दिलेत ते ‘भग्नसंधानवातकृद् बृंहणी गुरुः’. म्हणजे मोडलेलं सांधणारा, वात वाढवणारा, अंग भरणारा, पचायला जड. पुढे रूक्ष, कफ कमी करणारा, घोड्यांना विशेष हितकर. हाडांचं वाक्य तेवढं ग्रंथात आहे, ते नाकारत नाही. पण वात ‘शमवणारा’ कुठंय? ग्रंथ सरळ उलट सांगतो. आणि या ओळीत मधुमेहाचं नावही नाही.

मग घाम, दाह, ताप, रक्तस्राव आले कुठून? त्याच ग्रंथातून, पण दुसऱ्या वर्गातून. कर्पूरादिवर्गात आणखी एक ‘प्रियंगु’ आहे. ती सुगंधी वनस्पती, मराठीत गव्हला. तिचे गुण वाचले तर रक्तस्राव, घाम, घामाची दुर्गंधी, दाह, ज्वर, सगळं ओळीनं सापडतं. मेसेज लिहिणाऱ्यानं नाव सारखं दिसलं म्हणून गव्हल्याचं औषध उचलून राळ्याच्या दाण्याला चिकटवलं. मेसेजच्या तळाशी तर जखमेवर ‘राळेचा लेप’ लावायला सांगितलाय. राळ म्हणजे साल वृक्षाचा डिंकासारखा चीक, तो मलमात घालतात. राळा हे धान्य. एका मात्रेचा फरक आहे, आणि लोक उघड्या जखमेवर धान्याचं पीठ थापतील याची मला खरंच भीती वाटते.

कॅल्शियम: पोषण संस्थेच्या त्याच तक्त्यात १०० ग्रॅम राळ्यात ३१ मिलिग्रॅम, गाईच्या दुधात १२०. ३४४ आहे ते नाचणीत.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष ठरवलं, तेही भारताच्या प्रस्तावावरून. विषय शेती आणि आहाराचा होता. औषधाची मान्यता वगैरे काही नाही.

राळ्यावर माझा राग नाही. उत्तर चीनमध्ये हजारो वर्षांपासून पिकणारं हे धान्य. तिथं बाळंतिणीला त्याची मऊ पेज देतात. तमिळनाडूत त्याचं पीठ मधात कालवून मुरुगनला नैवेद्य दाखवतात. ही परंपरा खरी आहे आणि तिला खोट्या चमत्काराची गरज नाही. आमच्याकडेही राळा शिजतो. तीन-चार पाण्यांनी धुवायचा, वर तरंगणारी टरफलं ओतून टाकायची, तासदोन तास भिजवून अडीचपट पाण्यात मंद आचेवर ठेवायचा. दाणा फुलला की गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, नाहीतर त्याचा चिकट गोळा होतो.

डॉक्टरांनी सासूबाईंची गोळी परत सुरू केली. आता त्या वाटीभर राळ्याचा भात आणि दुप्पट डाळ-भाजी घेतात, आणि दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहितात. काल त्यांनी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि ज्या गटातून तो मेसेज आला होता तिथं टाकला. खाली लिहिलं, “गोळी चालू आहे.”