ड्राफ्टमध्ये पडून राहिलेली पोस्ट

काल रात्री जेवणं झाली, ओटा पुसला आणि मोबाइल घेऊन लिहायला बसले तर साडेबारा वाजेपर्यंत एक ओळ पण पुढे सरकली नाही. विषयांना काय तोटा, उलट इतके आहेत की एकाला हात घातला की बाकीचे डोळे वटारून बघतायत असं वाटतं. युद्धावर लिहू, तर मला त्यातलं कळतं किती? शाळांमधल्या मराठीवर लिहू, तर लोक आधीच एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. मग म्हटलं जाऊदे, बाल्कनीतल्या अनंताला कळ्या आल्यात त्याचं लिहावं, तर लगेच मनात येतं, जग कुठे चाललंय आणि हिचं काय चाललंय.

हे जून 2025 पासून झालंय. त्याआधी एप्रिलमध्ये काश्मीरात पहलगामचा हल्ला, 26 माणसं मारली गेली, त्यातली तीन डोंबिवलीची. आमच्या ऑफिसात निम्म्या बायका डोंबिवली-कल्याणच्या, त्यामुळे ते टीव्हीपुरतं राहिलंच नाही. मग मे महिन्यात पाकिस्तानशी सीमेवर भडकलेले ते चार दिवस, मोबाइल हातातून सुटेना. मग 26 मेला पाऊस वेळेच्या कितीतरी आधीच येऊन धडकला आणि भुयारी मेट्रोचं वरळीचं नवंकोरं स्टेशन पाण्यात. आणि 9 जूनला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासली, खाली पडली आणि त्यातली काही गेलीच.

त्यावर मी लिहायला घेतलं होतं. मी भांडुपची, पण लाइन तीच, सेंट्रल. दोन-तीन दिवस लिहीत होते, खोडत होते. 12 जूनला दुपारी अहमदाबादला विमान पडलं, अडीचशेच्या वर माणसं गेली. त्या रात्री ड्राफ्ट उघडला आणि वाटलं आता मुंब्र्याचं टाकलं तर लोक म्हणतील हिला काळवेळ कळत नाही. तीन दिवसांत ती माणसं जुनी झाली होती. रोज घरातून डबा घेऊन निघणारी माणसं ती.

खूप दिवस मी स्वतःची समजूत घालत होते की गेलेल्यांचा मान ठेवायचा म्हणून थांबले. खोटं आहे ते. मला भीड पडली होती. भीती वेगळी, भीड वेगळी. मला कोण पकडून नेणारे? पण नवऱ्याच्या काकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ऑफिसातले साहेब, सोसायटीतली मंडळी, "यावर लिहिलंस मग त्यावर का गप्प होतीस" म्हणणारे ओळखीतले, ह्या सगळ्यांचे चेहरे डोळ्यासमोर ठेवून कोणाला काय लागेल ते वगळत जायचं आणि शेवटी उरेल ते लिहायचं, असं चाललं होतं माझं. आणि उरत काहीच नव्हतं.

अशा वेळी मला लेखिका दुर्गाबाई भागवत आठवतात. डिसेंबर 1975, कऱ्हाडचं साहित्य संमेलन, आणीबाणी लागून सहा महिनेही झाले नव्हते, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, आणि अध्यक्ष असलेल्या बाईंनी आणीबाणीच्या विरोधातले नेते जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला सांगितली. पुढे त्यांना अटकही झाली, इथेच मुंबईत, एशियाटिक लायब्ररीतून. आणि ह्याच बाई ऋतूंवर, झाडाफुलांवर, स्वैपाकावर किती मन लावून लिहायच्या! फूल की आणीबाणी असा प्रश्न त्यांना पडला असेल असं मला वाटतच नाही.

आणि आई आठवते. लालबागला आमची खानावळ होती, गिरणीतले एकटे राहणारे 19 जण जेवायला यायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. आईची त्या वर्षीची हिशोबाची वही माझ्याकडे आहे, त्यात संप हा शब्द एकदाही नाही. नावं आहेत, नावापुढे बाकी, आणि मग एकेकापुढे 'गावी गेला'. गणपतीपर्यंत सहा ताटं उरली होती. एका नावापुढे लिहिलंय, 'ह्याच्याकडे मागायचे नाहीत.' अडीच लाख कामगार, संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही, वगैरे सगळं मला पुढे वाचून कळलं. पण ती सहा ताटं मी स्वतः मांडलेली आहेत, कोणी काहीही म्हणो, त्याबद्दल मी बोलू शकते.

म्हणून तो जूनचा ड्राफ्ट आज आहे तसा टाकतेय. आत्ता का, असं कोणी विचारेल, विचारू दे.

"10 जून. भांडुपला नेहमीची स्लो पकडली. लेडीज डब्यात आज कोणी भाजी निवडत नव्हतं, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. विक्रोळीला एक कॉलेजची मुलगी चढली, आत शिरायला जागाच नाही, दारातच राहिली, पाठीला सॅक. दांडा धरून उभ्या असलेल्या एका मावशींनी काही न बोलता तिची सॅक काढून आत दिली, खिडकीजवळच्या बाईने ती मांडीवर घेतली. मग मावशींनी त्या मुलीचं मनगट धरलं. ओळख ना पाळख. घाटकोपरला रेटा आला, कुर्ल्याला आला, हात तसाच. दादरला अर्धा डबा रिकामा झाला, आत ऐसपैस जागा झाली, तरी मावशींनी तिचं मनगट सोडलं नव्हतं."