न दाबलेले बटण

लिफ्टमधले पाचव्या मजल्याचे बटण मी दाबले, एवढाच माझा गुन्हा. हे खाते गेले कित्येक महिने आमच्या साडेतीन वर्षांच्या कन्येकडे आहे, याची मला पूर्ण कल्पना होती. पण दोन्ही हातांत पिशव्या आणि डोक्यात ऑफिस असताना कोपर आपोआप तिकडे गेले. क्षणभर शांतता पसरली, आणि मग तिने लिफ्टमध्येच लोळण घेऊन भोकाड पसरले.

मी सजग पालक आहे. निदान ती झोपल्यानंतर तरी असतोच. मुलाला शांत करण्याआधी आपण शांत व्हावे, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे मी वाचले होते. म्हणून चार अंक मोजत श्वास घेतला आणि सहा मोजत सोडला. सोडताना असा काही सुस्कारा निघाला की मी तिच्यावर वैतागलो आहे, असे तिला वाटले. तिचे निदान अचूक होते.

मग भावनेला नाव देण्याचा उपाय केला. नाव दिले की मेंदूतल्या अमिग्डलाची, म्हणजे भीती-रागासारख्या भावनांवेळी जागा होणाऱ्या भागाची, खळबळ कमी होते, असे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसले होते. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येण्यासाठी मी जवळजवळ आडवा झालो.

"तुला खूप राग आलाय ना?"

"नाही! मला बटण हवंय!"

"म्हणजे वाईट वाटतंय?"

"बटण!"

"निराश झाल्यासारखं...?"

यावर तिने बूट भिरकावला. त्या प्रयोगातली माणसेही आडवीच होती, पण ती प्रौढ होती आणि स्कॅनरमध्ये निश्चल पडून चेहऱ्यांची छायाचित्रे पाहत होती, हा तपशील मी वाचताना फारसा मनावर घेतला नव्हता.

"बाबा, न दाबलेलं कर!" ही तिची अंतिम मागणी. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते, त्यामुळे ऐन आकांतात तिला तर्क ऐकवणे व्यर्थ असते. तरीही काळ मागे का जात नाही, हे मी तिला मुद्देसूद समजावून सांगितले. माझी पंचविशी उलटून तेरा वर्षे झाली आहेत.

दरम्यान पाचवा मजला आला, दार उघडले, मिटले आणि कुणीतरी बोलावल्यामुळे लिफ्ट वर निघाली. माझे मुद्दे संपले होते. मी भिंतीला टेकून गप्प बसलो. थोड्या वेळाने हुंदके विरळ झाले, ती सरपटत जवळ आली आणि तिने ओला गाल माझ्या गुडघ्यावर ठेवला. त्या संध्याकाळी सजगता म्हणावी असे माझ्या हातून एवढेच घडले, आणि तेही बोलायला काही उरले नाही म्हणून.

"वरून खाली येताना तू दाब," मी हळूच म्हणालो. तिने नाक पुसले, उठून उभी राहिली आणि बोट सरसावले.

नवव्या मजल्यावर दार उघडले. शेजारचे काका आत आले, आमच्याकडे पाहून प्रेमळ हसले आणि म्हणाले, "पाचवा ना?" त्यांचे बोट निघालेलेच होते.