वाइन लोणच्यासारखी मुरते?

'रेड वाइन म्हणजे लोणचं, जितकी जुनी तितकी भारी. फ्रिजची गरज नाही, रूम टेम्परेचरलाच ठेवा आणि प्या. जुनी बाटली तीन तास आधी उघडा. तळाशी गाळ दिसला तर भेसळ समजा.' नागपुरातल्या चार ग्रुपवर हा मेसेज आला. तो वाचून कुणी चांगली बाटली वाया घालवू नये, म्हणून हे लिहितो.

आधी लोणचं. कैरीचा तक्कू कुणी वर्षभर बरणीत ठेवतं का? वाइनचंही तसंच आहे. बहुतेक रेड वाइन दोन-चार वर्षांतच प्यायच्या असतात. फ्रान्समधली बोजोले नूवो तर सुगीनंतर लगेच, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते आणि काही महिन्यांत संपवायची असते. वर्षानुवर्षं मुरते ती भरपूर टॅनिन, म्हणजे जीभ आखडवणारा तुरटपणा, आणि पुरेसा आंबटपणा असलेली वाइन: फ्रान्सच्याच बोर्दो भागातली निवडक, इटलीची बरोलो, स्पेनमधली रिओहा ग्रान रेसेर्व्हा.

रूम टेम्परेचरचा सल्ला मात्र नागपूरकरांसाठी सगळ्यात घातक. तो युरोपातल्या जुन्या, थंड घरांचा. तिथली खोली म्हणजे १६ ते १८ अंश. रेड वाइन प्यायला तेवढंच तापमान योग्य, आणि वर्षानुवर्षं साठवायला १२ ते १४. आपल्याकडे नवतपात पारा ४५ च्या वर जातो, कूलर लावूनही खोली तिशीच्या खाली येत नाही. उष्णतेनं वाइन फुगते, बुचाला ढकलते, हवा आत शिरते. मावसभावानं नाशिकहून आणलेली बाटली मी सात उन्हाळे शोकेसमध्ये ठेवली होती. उघडली तर शिजलेल्या मनुकांचा वास आणि चव पार बसलेली. वाइन चांगली होती, मी ती नासवली. वाइनचं कपाट नसेल तर सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि वेळेत पिऊन टाका.

तीन तास उघडी ठेवणं कोवळ्या, तुरट वाइनला मानवतं. तीस वर्षांच्या वाइनचा नाजूक गंध तेवढ्या वेळात उडून जाऊ शकतो. आणि गाळ? रंगद्रव्यं आणि टॅनिन एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात. त्यात भेसळ नाही. बाटली आदल्या दिवशी उभी करा, उजेडासमोर धरून सावकाश ओता, गाळ मानेशी आला की थांबा.

मग पेला पांढऱ्या कापडावर तिरपा धरून कड बघा. कोवळ्या वाइनची कड जांभळी, मुरलेलीची विटकरी. घोट घेण्याआधी बराच वेळ नुसता वास घ्या. ताज्या फळांचा वास मागे पडलेला असतो. सुकं अंजीर, तंबाखू, चामडं, पावसाळी रानातला पाचोळा एकामागून एक येत राहतात. तुरटपणा मऊ झालेला असतो. पहिला घोट आणि अर्ध्या तासानंतरचा घोट वेगळे लागतात, म्हणून घाई नको. सोबत साधं भाजलेलं मटण पुरे. सावजी रस्सा मला जिवापाड आवडतो, पण त्या तिखटापुढे तीस वर्षं मुरलेलं काहीही जिभेला कळणार नाही. तो दुसऱ्या दिवशी खा.