पृष्ठताण घनालाही असतो

"पृष्ठताण हा द्रवांचा गुण. जेल म्हणजे घन, साच्यात मिळालेला आकार तो सोडत नाही. आतलं पाणी म्हणजे नुसतं भरण." विज्ञानाच्या पोस्टमधून हे सतत फिरतं. मुलं ते पाठ करतात, म्हणून गप्प बसवत नाही. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत.

पृष्ठताण म्हणजे पृष्ठभाग लहान ठेवू पाहणारा ओढा. पृष्ठभाग वाढवायला ऊर्जा लागतेच, द्रवाचा असो वा घनाचा. काचेत हे जाणवत नाही, कारण काच फार ताठ. पृष्ठताणाला ताठपणाने भागा, एक लांबी मिळते. तिच्याहून बारीक आकारांवर पृष्ठताणाची सत्ता चालते. काचेवर पाण्याचा थेंब ठेवला, पाण्याचा पृष्ठताण 0.072 न्यूटन प्रति मीटर आणि काचेचा ताठपणा 70 गिगापास्कल घेतला, तर ही लांबी अणूच्या शंभराव्या हिश्शाएवढी येते. तोच थेंब 3 किलोपास्कलच्या सिलिकोन जेलवर ठेवा, उत्तर येतं 24 मायक्रोमीटर. थेंबाची कड टेकते तिथे जेल वर खेचला जातो आणि थेंबाभोवती बारीकसा बांध उभा राहतो. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1805 साली थेंब पृष्ठभागाशी करतो त्या कोनाचं गणित मांडलं, त्यात हा वरच्या दिशेचा ओढा धरलेला नाही. काचेवर ते खपून जातं, जेलवर नाही.

साच्याचं म्हणाल तर, मऊ जेल साच्यातून सुटताच त्याच्या धारदार कडा गोलावतात. घरच्या चायना ग्रासच्या जेलीत हा फरक काही मायक्रोमीटरचाच, डोळ्यांना दिसणार नाही, हे मान्य. पण 2010 मध्ये संशोधकांनी जेमतेम काही दहा पास्कल ताठपणाच्या अगर-अगर (म्हणजे चायना ग्रास) जेलचा बारीक धागा द्रवात सोडला, तर नळाच्या बारीक धारेसारखे त्यावर फुगवटे उठले. धार तुटून थेंब होतात, धागा मात्र तुटला नाही. जेल म्हणजे लांब रेणूंचं जाळं आणि त्यात अडकलेला द्रव; त्या आतल्या जाळ्याने धाग्याला धरून ठेवलं.

आता पाणी. दह्यात चमचा फिरवला की खळग्यात निवळ जमते. जाळं आणि आतला द्रव वेगळे होऊ शकतात, हे तिथे दिसतंच. सिलिकोन जेलवर काचेचा सूक्ष्म गोळा टेकवला की स्पर्शाच्या कडेला आतलं तेल जाळ्यातून सुटून बाहेर येतं. तिथला पृष्ठभाग मग निव्वळ द्रवाचा होतो.

आणि पाण्यात फुगणाऱ्या जेलवरच्या घड्या? त्या पृष्ठताणाने पडतात असंही काहीजण लिहितात. उलट आहे. तळ चिकटलेला, आत पाणी शिरतंय, आडवं पसरायला जागा नाही, म्हणून वरचा थर आत दुमडतो. पृष्ठताण त्या घड्या मोडायलाच बघत असतो.