मदतीच्या पिशवीवर फोटो कुणाचा

सप्टेंबर २०२५ ला मराठवाड्यात पूर आला तेव्हा मदतीच्या किटवर नेत्यांचे फोटो छापलेले होते आणि त्यावरून जे भांडण सुरू झालं ते आमच्या घरच्या ग्रुपवर अजून मिटलेलं नाही. २०१९ ला आमच्या सांगली-कोल्हापुरात पाणी भरलं तेव्हाही हेच झालं होतं, तांदूळ-गव्हाच्या पिशव्यांवर स्टिकर. दाजींचं म्हणणं एकच, मदत पोचली ना, मग फोटो असला तर तुमच्या पोटात का दुखतं. मावसभावाचं दुसरं टोक, त्याच्या मते सगळेच चोर, एनजीओवाले तर आहेतच आणि परदेशी पैसेवाले महाचोर, धर्मांतराचा धंदा सगळा. आणि मी काही लिहिलं की दोघं एक होतात. तुला काय, तिकडे बसून बोलायला.

तर इथे बसूनच बोलते, कारण इथे जे रोज बघते ते तिथल्या वादात कुणाच्या लक्षातच येत नाहीये.

मी कॅनडात, किचनरला राहते, आणि आठवड्यातली एक सकाळ मेनोनाईट लोकांच्या, म्हणजे युद्ध न मानणाऱ्या एका ख्रिश्चन पंथाच्या, मदतसंस्थेत जाते. मेनोनाईट सेंट्रल कमिटी, सगळे एमसीसीच म्हणतात. घोडागाडीतून फिरणारे काळ्या कपड्यातले मेनोनाईट फोटोत बघून लोकांना वाटतं सगळे तसेच, पण माझ्या टेबलावरच्या बायका टिम्सच्या कॉफीचा कप हातात घेऊन येतात आणि अर्ध्याजणी रिटायर्ड नर्स नाहीतर शिक्षिका आहेत. मोठ्या फ्रेमवर कापड ताणायचं, वरचा थर तुकड्यातुकड्यांचा, मधे भरण, खाली अस्तर, आणि ठराविक अंतरावर लोकरीच्या दोऱ्याने गाठी मारत जायचं. आपली वाकळच, फक्त टाक्यांऐवजी गाठी. ती गोधडी नंतर सीरियात जाते, जॉर्डनला जाते, युक्रेनला जाते, कुणाच्या अंगावर पडते ते गाठ मारणारीला कधीच कळत नाही आणि पांघरणाऱ्यालाही कळत नाही गाठ कुणाची. बाजूच्या टेबलावर बादल्या भरतात. वीस लिटरची बादली, आत टॉवेल, साबण, शांपू, टूथब्रश, कपडे धुवायचा साबण, सॅनिटरी पॅड, नेलकटर. बादली फेकायची नाही, पुढे तिच्यातच पाणी भरायचं. ज्याने कुणी ही यादी पहिल्यांदा केली त्याने घर बुडालेल्या बाईचा विचार करून केली, एवढं मी सांगू शकते.

आता दाजी म्हणतील की त्यांच्या सामानावरही संस्थेचं नाव असतंच की. असतं. त्यांच्या मांसाच्या डब्यांवर तर ‘ख्रिस्ताच्या नावाने’ असं छापलेलं असायचं, ते मी लपवत नाही. त्यांची फिरती कॅनरी आहे, १९४६ पासून गावोगाव ट्रक जातो, आणि थंडीत शेकडो माणसं येऊन मांस कापून डबे भरतात, कुणी पगार घेत नाही. पण ज्या माणसाने डबा भरला त्याचा फोटो नाही आणि ज्याने पैसे दिले त्याचाही नाही, आणि मला जो फरक दिसतो तो इथे आहे. देवाचं नाव लावलं की पुढच्या निवडणुकीत मत मागता येत नाही. म्हणजे मागणारे तेही मागतात म्हणा, पण ही माणसं नाहीत.

ही संस्था सुरू झाली १९२० मध्ये. दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये, यांचेच भाऊबंद यादवी आणि दुष्काळात मरत होते. अमेरिकेतून तीन तरुण पाठवले त्यातला क्लेटन क्रॅट्झ तिथेच बेपत्ता झाला, परत आलाच नाही. तरी १९२२ मध्ये यांनी तिथे स्वयंपाकघरं उघडली, आणि ऐन भरात दिवसाला सुमारे २५ हजार माणसं जेवत होती. मला जेवणापेक्षा पुढची गोष्ट जास्त आवडते, यांनी ५० फोर्डसन ट्रॅक्टर पाठवले, कारण घोडेच उरले नव्हते आणि नांगरट झाली नसती तर पुढच्या वर्षीही ताटच धरून बसावं लागलं असतं.

१९२० म्हटलं की मला लगेच १९१९ आठवतं. कराडजवळ काले गावात कर्मवीरांनी रयत सुरू केली ते साल. मुष्टिफंड आपल्याच जिल्ह्यांतला आहे ना, घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवायची. त्या मुठीवर कुणाचं स्टिकर होतं? आमच्या आजोबांची पिढी रयतमध्ये शिकली. म्हणजे हे आपल्याला शिकवायला मेनोनाईट लोकांची गरज नाही, आणि मला तेच सगळ्यात जास्त लागतं, की आपल्याकडे हे होतं आणि आपण ते पंख्यांच्या पात्यांवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ रंगवत रंगवत इथपर्यंत आणलं.

पैशाचं म्हणाल तर इथे तोही वर्षभर जमतो, पूर येण्याची वाट बघत नाहीत. न्यू हॅम्बर्गला मे महिन्याच्या शेवटी रिलीफ सेल असतो, १९६७ पासून. क्विल्टचा, म्हणजे नक्षीच्या गोधड्यांचा लिलाव होतो, बायकांनी हिवाळाभर हाताने शिवलेले, एकेक क्विल्ट हजारो डॉलरला जातो, बाहेर स्ट्रॉबेरी पाय आणि सॉसेजच्या रांगा. जुन्या वस्तूंची दुकानं आहेत, पहिलं १९७२ मध्ये मॅनिटोबातल्या अल्टोना गावात काही बायकांनी काढलं. आमच्या इथल्या दुकानात सप्टेंबरात पंजाब, गुजरात, पुण्याहून आलेली पोरं हिवाळी जॅकेट शोधत असतात, ज्यांच्याबद्दल इथल्याच फेसबुकवर काय काय लिहिलं जातं ते मी वाचते. त्या जॅकेटचे पैसे पुढे कुठल्यातरी बादलीत जातात. शेतकरी मिळून एक शेत पिकवतात आणि ते धान्य विकून पैसे कॅनेडियन फूडग्रेन्स बँकेला देतात, तीही यांच्याच फूड बँकेतून वाढली, आणि सरकार एका ठरलेल्या मर्यादेपर्यंत एका डॉलरला चार डॉलर घालतं. चर्चवाल्यांना सरकारी पैसा, आणि इथे कुणी ओरडत नाही. आपल्याकडे २०२० ला परदेशी निधीचा कायदा असा आवळला की एका संस्थेने घेतलेला पैसा खालच्या छोट्या संस्थेला देताच येत नाही, म्हणजे तालुक्याच्या गावात खरं काम करणारी जी दोन-चार माणसं असतात त्यांच्यापर्यंत तो जायचा रस्ताच बंद.

मावसभावाला धर्मांतरावर उत्तर द्यायचंय म्हणून सांगते. मेनोनाईट मिशनरी १८९९ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आले, तेव्हा तो भाग नागपूरच्या कारभारात, मध्य प्रांतात होता. आधी दुष्काळाची मदत, मग अनाथाश्रम, मग हॉस्पिटल आणि हो, चर्चही, लोक ख्रिश्चन झाले, त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथे आहेत. ते मिशनचं काम होतं. एमसीसी भारतात आली १९४२ ला, बंगालमध्ये माणसं भुकेने मरायच्या काळात, आणि तिचं काम जेवण, पाणी, शेती, तंटे मिटवणं हे आहे, धर्म विचारून वाटायचं नाही हा नियम आहे. तुला दोन्ही एकच वाटत असतील तर वाटू देत, पण दुष्काळात धमतरीच्या अनाथ पोरांना तेव्हा दुसरं कोण घ्यायला आलं होतं तेही एकदा लिही ग्रुपवर.

आणि ही माणसं धुतल्या तांदळासारखी आहेत असं मी म्हणतच नाहीये. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ज्या निर्वासितांना वाचवलं त्यात नाझींना साथ दिलेलेही होते, ते २०२१ मध्ये त्यांनी स्वतःच अभ्यासकांकडून लिहून घेतलं आणि छापलं. आम्ही राहतो ती ग्रँड नदीकाठची जमीन सिक्स नेशन्सना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या सहा जमातींना, १७८४ मध्ये दिलेली, त्यातली साठ हजार एकर पेन्सिल्व्हेनियाच्या मेनोनाईटांनी १८०५ च्या सुमाराला विकत घेतली. बैठकीआधी ते हे बोलून दाखवतात. नुसतं बोलून काय होतं असं विचारणारे त्यांच्यातच आहेत, आणि ते मोठ्याने विचारतात.

पण ज्या गोष्टीमुळे मी यांच्याकडे गेले ती वेगळीच आहे. इथून वीस मिनिटांवर एल्मायरा गाव आहे. १९७४ मध्ये दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली, टायर फाडले, काचा फोडल्या. मार्क यांझी हा प्रोबेशन ऑफिसर एमसीसीचा स्वयंसेवक, त्याने आणि डेव्ह वर्थने मिळून किचनरच्या न्यायाधीशांना सुचवलं की यांना त्या लोकांच्या दारात नेऊ या. न्यायाधीश मॅकॉनेल यांनी चक्क ऐकलं. मग ती दोन पोरं दारोदार गेली, मी तोडलं म्हणून समोरासमोर सांगितलं, नुकसान विचारलं आणि नंतर भरूनही दिलं. आज जगभर गुन्हेगार आणि ज्याचं नुकसान झालं तो यांना समोरासमोर बसवायचे जे कार्यक्रम चालतात त्यांची सुरुवात लोक इथे धरतात. त्या दोघांपैकी एकजण पुढे मोठेपणी कॉलेजात शिकत असताना वर्गात पाहुण्या वक्त्याने एल्मायराची केस सांगितली, आणि हा नंतर जाऊन म्हणाला की तो मीच. पुढे तो त्याच कामात स्वयंसेवक झाला. नायजेरियात जॉस शहरात दंगली झाल्या तिथेही यांनी ख्रिश्चन आणि मुसलमान मिळून तातडीच्या मदतीची पथकं उभी करायला हातभार लावला, म्हणजे पुन्हा काही पेटलं तर दोन्हीकडची माणसं एकमेकांना आधीच नावाने ओळखत असतील. यात फोटो काढण्यासारखं काय असतं? कुणीतरी वर्षानुवर्षं कंटाळवाण्या मीटिंगा घेत बसतं. आपल्याकडे दंगल झाली की दुसऱ्या दिवशी शांतता समितीची बैठक, हार, चहा, पेपरात फोटो, आणि पुढच्या गणपतीपर्यंत कुणी कुणाच्या गल्लीत जात नाही.

दाजी, तुम्हाला एक विचारायचंय. २०१९ ला तुम्ही स्वतः टेम्पो घेऊन निघाला होतात, आसपासच्या वाड्यांतून भाकरी-चटणी गोळा करून, रात्रीचे, गुडघाभर पाण्यातून. ताईने सांगितलं म्हणून मला कळलं, तुम्ही आजपर्यंत एका शब्दाने बोलला नाहीत. तुमच्या टेम्पोवर कुणाचं स्टिकर नव्हतं. मग दुसऱ्याच्या स्टिकरची वकिली का करता तुम्ही? मला त्याचाच राग येतो, मावसभावाचा तेवढा येत नाही.

त्या आठवड्यात माझं गाव पाण्यात होतं आणि मी इथे दुसऱ्यांसाठी बादलीत साबण ठेवत होते. टेबलावरच्या बायकांनी मला काही विचारलं नाही, एकीने फक्त माझ्या वाटचं काम स्वतःकडे ओढून घेतलं. मला त्यांच्यात येऊन बरीच वर्षं झाली तरी एक गोष्ट होतेच. नवीन कुणी आलं की आडनाव विचारतात, मार्टिन का, ब्रुबाकर का, मग कोण कुणाची चुलत नात ते निघतं आणि पाच मिनिटांत नातं जुळतं, अगदी आपण गाव-तालुका विचारतो तसं. माझ्यापाशी आल्यावर त्या थांबतात आणि हसून दोरा पुढे करतात. त्या खेळात मी नाही, कधी असणारही नाही. पण कात्री मला न मागता मिळते.

आणि सांगलीत उलटं आहे. तिथे आडनाव सांगायची गरजच नाही, सगळे ओळखतात, पण गावच्या सप्ताहात महाप्रसादाला शंभर बायका पोळ्या लाटत असतात आणि मी गेले की खुर्ची आणतात, कुणीतरी चहा आणतं, तू बस गं, एवढ्या लांबून आलीस. निघताना कमिटीचे काका पावतीपुस्तक घेऊन येतात, आणि पावती फाडली की लगेच माझं नाव माईकवरून, कॅनडासकट. मला ते नाव ऐकून बरं वाटतं हेही खरं आहे, आणि नंतर गाडीत बसून रडू येतं हेही खरं आहे. यंदा सप्ताहाला मी येतेय. ताई, तू आधीच काकूंना सांगून ठेव, पहाटे मळायला बसतात त्यांच्यात मला घ्या म्हणावं, आणि काकांना म्हणावं पैसे देईन पण माईकवर नको.