‘प्रशिक्षण कशाला, पॅनेल द्या’ : आफ्रिकेबद्दलच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. त्याचा मथितार्थ असा : हवामानबदलाच्या नावाखाली आफ्रिकेत जी प्रादेशिक प्रशिक्षणं चालतात तो पैशाचा चुराडा आहे. जगाच्या उत्सर्जनात आफ्रिकेचा वाटा जेमतेम ४ टक्के, मग त्यांना उद्दिष्टं कशाला? मदत करायचीच तर सोलर पॅनेल द्या. शिकवलेली माणसं युरोपात निघून जातात. प्रादेशिक केंद्रं म्हणजे साहेबांच्या भत्त्यांची सोय, प्रत्येक देशाने आपापलं बघावं. आणि शेवटी, आपल्या लोकांनी यात कशाला पडायचं? मेसेज पाठवणाऱ्यांत वाचणारी, विचार करणारी माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

४ टक्के हा आकडा बरोबर आहे. निष्कर्ष मात्र चुकला. हवामानबदलावरच्या पॅरिस करारातली उद्दिष्टं म्हणजे फक्त धूर कमी करणं नव्हे. आफ्रिकी देशांच्या आराखड्यांत तग धरण्याच्या कामांना मोठी जागा आहे : पेरणी, पाणी, किनारे, वादळाची पूर्वसूचना. मार्च २०१९ मध्ये मोझांबिकच्या बेइरा शहरावर इडाई चक्रीवादळ आदळलं. मोझांबिक, झिंबाब्वे आणि मलावी मिळून हजाराहून जास्त माणसं गेली. उत्सर्जन कमी आहे म्हणून वादळ वाट बदलत नाही.

आता पॅनेल. बॅटरी गेलेला सौर पथदिवा आपल्याकडच्या गावांतही दिसतो. दिवा आला, दुरुस्त करणारा आला नाही. आफ्रिकेत नेमकं याच्या उलट काय घडू शकतं ते पाहायचं तर केनियात नैवाशा सरोवराजवळच्या ओल्कारियाला जावं लागेल. तिथे दोन-तीन किलोमीटर खोल विहिरी खणून जमिनीतली वाफ वर आणतात आणि तिच्यावर वीज तयार करतात. उतारांवरून वाफेचे जाड पाइप जातात. तापल्यावर पाइप लांबतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला मुद्दाम वळसा दिलेला असतो. तो वळसा कुठे आणि किती द्यायचा, विहीर कुठे खणायची, दाब उतरू लागला तर काय करायचं, हे यंत्राबरोबर पेटीत येत नाही. ते माणसाच्या डोक्यात असावं लागतं.

ओल्कारियाचा पहिला संच १९८१ साली सुरू झाला. त्याआधी दोन वर्षं, १९७९ मध्ये, आइसलंडने संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली भूऔष्णिक ऊर्जेचं प्रशिक्षण सुरू केलं होतं. तिथून शिकून गेलेल्यांत सर्वात जास्त संख्या केनियाच्या लोकांची आहे. २००५ पासून त्याचे छोटे वर्ग केनियातच भरू लागले आणि इतर आफ्रिकी देशांतले अभियंते, भूगर्भतज्ज्ञ तिथे येऊ लागले. आज केनियाची सुमारे ४० टक्के वीज जमिनीतल्या वाफेवर बनते. ‘शिकवलेली माणसं निघून जातात’ या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. काही जण जातात, हे नाकारायचं कारण नाही. पण जिथे काम आहे, हाताशी यंत्रं आहेत आणि संस्था उभी आहे, तिथे माणसं टिकतात. केनियाच्या सरकारी वीजनिर्मिती कंपनीने पुढे इथिओपियात आणि जिबूतीत जाऊन विहिरी खणल्या. गेली ती माणसं युरोपात नव्हे, शेजारी गेली.

भत्त्यांच्या मुद्द्यात तथ्य आहे आणि ते कबूल केलंच पाहिजे. हॉटेलात तीन दिवस बसायचं, प्रमाणपत्र घ्यायचं, फोटो काढायचा, आणि देशाचा अहवाल शेवटी परदेशी सल्लागारानेच लिहायचा, असं वर्षानुवर्षं घडलंय. मला त्याचा संताप येतो, कारण गरज खरी आहे. पण त्यावर उपाय प्रशिक्षण बंद करणं नव्हे, ते स्थानिक संस्थेच्या हाती देणं हा आहे. डाकारची ‘सेंटर द सुइव्ही एकोलॉजिक’ ही सेनेगलची संस्था २०१० मध्ये अनुकूलन निधीकडून, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांना पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीकडून, मान्यता मिळवणारी जगातली पहिली राष्ट्रीय संस्था ठरली. त्यामुळे रुफिस्क, साली आणि जोआलच्या झिजणाऱ्या किनाऱ्यांसाठी सुमारे ८६ लाख डॉलर मधल्या आंतरराष्ट्रीय एजन्सीशिवाय थेट देशात आले. त्यासाठी हिशेब, लेखापरीक्षण, खरेदीचे नियम, प्रस्तावलेखन हे सगळं जमावं लागलं. हे जमत नसेल तर निधी जाहीर होऊनही दारापर्यंत येत नाही. सेनेगलच्या या लोकांनी नंतर इतर आफ्रिकी देशांतल्या संस्थांनाही मान्यतेचा अर्ज कसा करायचा ते शिकवलं.

‘प्रत्येकाने आपापलं बघावं’ हा मुद्दा सगळ्यात कच्चा आहे. नायजर नदी, टोळधाड, पावसाचे ढग यांना सरहद्द ठाऊक नाही. शिवाय जागतिक हवामान संघटनेच्या किमान निकषाच्या तुलनेत आफ्रिकेतल्या जमिनीवरच्या हवामान केंद्रांची घनता एक अष्टमांश आहे. इतक्या विरळ नोंदींवर एकट्या देशाने हंगामाचा अंदाज बांधायचा तरी कशावर? म्हणून पूर्व आफ्रिकेतले ११ देश नैरोबीच्या प्रादेशिक केंद्राच्या पुढाकाराने पावसाळ्याआधी एकत्र बसतात. प्रत्येकाचे हवामानशास्त्रज्ञ आपापल्या देशाच्या नोंदी घेऊन येतात, समुद्राच्या तापमानाशी त्या ताडून पाहतात, वाद घालतात आणि शेवटी एकच नकाशा काढतात. नकाशातल्या प्रत्येक पट्ट्यावर तीन आकडे असतात : सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका आणि कमी पाऊस, यांची शक्यता. मग शेती, पाणी, आरोग्य खात्यांची माणसं त्याचा अर्थ लावतात.

याने सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. २०२० च्या अखेरीपासून इथिओपिया, केनिया आणि सोमालियात वर्षातून दोनदा येणारे पावसाळे लागोपाठ पाच वेळा कोरडे गेले. इशारे वेळेवर दिले गेले, पैसा उशिरा आला. एकट्या सोमालियात २०२२ साली नेहमीपेक्षा सुमारे ४३,००० जादा मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. तिथे कमी पडला तो निधी. अंदाज बांधणारी माणसं आपलं काम करून मोकळी झाली होती.

पश्चिमेला मालीमध्ये १९८२ पासून शेतकऱ्यांच्या हाती पर्जन्यमापक दिले गेले. पाऊस पडला की मापकात किती मिलिमीटर साचलं ते शेतकरी स्वतः वाचतो आणि बाजरी आज पेरायची की थांबायचं हे तक्त्यावरून ठरवतो. रेडिओवर दर दहा दिवसांनी सल्ला येतो. दुबार पेरणीचा फटका बसलेल्या आपल्या शेतकऱ्याला त्या मापकाची किंमत सांगावी लागणार नाही.

राहिला प्रश्न आपला संबंध काय हा. शेजारी देशांनी एकत्र बसून हंगामाचा एकच अंदाज काढायचा, ही पद्धत १९९६ साली झिंबाब्वेत, व्हिक्टोरिया धबधब्याजवळ झालेल्या बैठकीत आकाराला आली. पहिलं संमेलन १९९७ मध्ये झिंबाब्वेतल्याच कडोमा शहरात भरलं. पुढे मान्सूनच्या अंदाजासाठी दक्षिण आशियाने हीच पद्धत उचलली. त्या मालिकेतली पहिली बैठक एप्रिल २०१० मध्ये पुण्यात झाली.